कांजिण्यांची लस बाळाला कधी द्यायची? गाव आणि डिलाईल रोड अशी ये-जा असणाऱ्या घरांसाठी माहिती

आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगड भागातल्या कितीतरी घरांचा एक पाय गावात आणि एक मुंबईत डिलाईल रोडला असतो. मे महिन्यात पोरं मुंबईला जातात, यात्रेला आणि गणपतीला मुंबईकर गावी येतात. या ये-जा करण्यात कांजिण्याही इकडून तिकडे जातात. कुणाच्या अंगावर फोड दिसले की घरात प्रश्न निघतो, "बाळाला लस द्यायची का? की लहानपणीच येऊन गेलेल्या बऱ्या?"

थोडक्यात उत्तर

पहिला डोस १५ महिने पूर्ण झाल्यावर. दुसरा डोस पहिल्यानंतर किमान ३ महिन्यांनी, म्हणजे साधारण १८-१९ महिन्यांचं असताना. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचं वेळापत्रक असंच आहे. ही वेळ चुकली तरी लस वाया जात नाही. दुसरा डोस राहिला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला डोस तेवढा घ्यायचा. १२ महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र ही लस देत नाहीत.

"येऊन गेलेल्या बऱ्या" हे कितपत खरं?

बहुतेक लहान मुलं आठ-दहा दिवसांत बरी होतात, म्हणून हा समज पडला. पण प्रत्येक मूल लहानपणीच त्यातून जाईल याची खात्री नसते. आपल्यासारख्या उष्ण देशात अनेकांना कांजिण्या मोठेपणी होतात, आणि मोठ्या माणसाला त्या जास्त जड जातात. ताप जोरात येतो, न्यूमोनिया होऊ शकतो, कामाचे दोन आठवडे बुडतात.

डिलाईल रोड, म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, इथे हे नीट समजतं. तिथल्या बीडीडी चाळींत खोली १६० चौरस फुटांची, एका मजल्यावर २० खोल्या आणि संडास सामाईक. गिरण्यांच्या काळापासून गावकीच्या खोलीत दहा-पंधरा जण राहायची पद्धत. आता काही चाळींचा पुनर्विकास सुरू आहे, पण गावाहून कामाला गेलेला पोरगा आजही तीन-चार जणांसोबतच खोली घेतो. गावात ज्याला कधी कांजिण्या झाल्या नाहीत, त्याला विसाव्या वर्षी अशा खोलीत त्या गाठू शकतात. एका घरात एकाला झाल्या, तर ज्यांना आधी झालेल्या नाहीत आणि लसही नाही अशा दहापैकी नऊ जणांपर्यंत त्या पसरू शकतात.

सगळ्यात मोठा धोका गरोदर बाईला आणि नवजात बाळाला. बाळंतपणाच्या आधीचे ५ दिवस ते नंतरचे २ दिवस या काळात आईच्या अंगावर फोड उठले, तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं. सव्वा वर्षाच्या पोराला दिलेली लस त्याच्यासोबत घरातल्या अशा माणसांनाही सांभाळते.

देवी, गोवर आणि कांजिण्या वेगळ्या

आजी-आजोबांच्या दंडावर गोल व्रण दिसतो, तो देवीच्या लसीचा. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, त्यानंतर तो रोग गेला. ती लस घेतलेल्यालाही कांजिण्या होऊ शकतात. सरकारी केंद्रात ९ महिन्यांनंतर आणि १६ ते २४ महिन्यांत जी एमआर लस मिळते, ती गोवर आणि रुबेलाची. तीसुद्धा कांजिण्या थांबवत नाही.

नागीण मात्र कांजिण्यांचीच नातेवाईक. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू नसांमध्ये झोपून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. आजोबांच्या नागिणीच्या फोडांतल्या पाण्याचा स्पर्श झाला, तर लस नसलेल्या नातवाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड कापडाने झाकून ठेवावेत.

खर्च आणि कुठे मिळते

ही लस सध्या सरकारच्या मोफत लसीकरणात नाही. खासगी बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. एका डोसला साधारण दोन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. दोन डोसचा खर्च अनेक घरांना जड जातो. म्हणून क्रम असा ठेवा:

१. आधी सरकारी मोफत लसी पूर्ण करा. गोवर कांजिण्यांपेक्षा जास्त घातक आहे, त्यामुळे एमआर चुकवून कांजिण्यांची लस घेऊ नका.

२. एकाच डोसचे पैसे असतील तर तो वेळेवर घ्या. एका डोसनेही गंभीर आजारापासून चांगलं संरक्षण मिळतं.

३. दुसरा डोस पैसे जमले की घ्या, शाळेत जाण्याआधी म्हणजे ४ ते ६ वर्षांपर्यंत तरी. दोन डोसनंतर कांजिण्या होण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि झाल्याच तर थोडे फोड येऊन जातात.

एमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी वेगवेगळ्या जागी देता येते. एकाच दिवशी दिली नाही तर दोन्हींत किमान ४ आठवड्यांचं अंतर लागतं. म्हणून खासगीत लस घेतली की कार्डावर तारीख लिहून घ्या आणि आशाताईंना दाखवा.

लस थंड राहणं गरजेचं आहे, २ ते ८ अंश. लोडशेडिंगच्या गावात मेडिकलमधून लस घेऊन पिशवीतून दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टरांच्याच फ्रिजमधली घ्या आणि मुदतीची तारीख बघा.

मुंबईला निघायचं असेल तर

लस घेतल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. बाळ १५ महिन्यांचं झालं असेल तर गाडीत बसण्याच्या आदल्या दिवसाची वाट बघू नका, महिनाभर आधी घ्या. कांजिण्यांची साथ बहुधा हिवाळा सरताना आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढते, म्हणजे यात्रा आणि मे महिन्याच्या सुट्टीच्या आधीच.

घरात कुणाला झाल्याच तर

वर्षाच्या वरच्या, लस न घेतलेल्या निरोगी मुलाला संपर्कानंतर ३ दिवसांत, फार तर ५ दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. म्हणून "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणू नका. संपर्कानंतर १० ते २१ दिवसांनी फोड उठतात. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून ते सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आजार दुसऱ्याला लागतो. तोवर शाळा, अंगणवाडी, लग्न आणि एसटीचा प्रवास नको.

कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला हरकत नाही, पण तो औषधाच्या जागी नाही. रोज कोमट पाण्याने हलकी अंघोळ घाला, नखं कापा, भरपूर पाणी पाजा. तापाला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन अजिबात देऊ नका, आयबुप्रोफेनही टाळा.

मूल सुस्त पडलं, श्वास जोरात चालला, तोल जाऊ लागला, पाणी पिईना, ताप चार दिवसांच्या पुढे गेला किंवा फोडाभोवती लाल गरम सूज आली तर लगेच दवाखाना गाठा. गरोदर बाईचा किंवा नवजात बाळाचा संपर्क आला असेल तर फोडांची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. मुंबईत असाल तर डिलाईल रोडपासून जवळच, सात रस्त्याच्या भागात महापालिकेचं कस्तुरबा रुग्णालय आहे. ते संसर्गजन्य आजारांसाठीच आहे.

कुणाला ही लस देऊ नये

ही जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूची लस आहे. कॅन्सरचे उपचार सुरू असलेल्या, प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या किंवा जास्त प्रमाणात स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नये. गरोदरपणी घेऊ नये. जोराचा ताप असेल तर थोडं थांबावं. साधी सर्दी असेल तर थांबायचं कारण नाही. लसीनंतर जागा दुखणं, थोडा ताप, क्वचित चार-दोन पुरळ येणं हे चालतं.

तेरा वर्षांवरच्या ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत, त्यांनाही लस घेता येते. ४ ते ८ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. मुंबईला पहिल्यांदा कामाला निघालेल्या पोराला आईने हे आधी विचारावं, "तुला कांजिण्या झाल्यात का रे?" आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारून लस घ्यावी. आधी होऊन गेल्या असल्या तरी लसीने अपाय होत नाही.

आज घरातल्या लहानग्याचं लसीकरण कार्ड काढा. १५ महिने कधी पूर्ण होतात ते मोजा आणि ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा.