हॅमिल्टनची गोळी वर कां गेली?

ता. ११ जुलै १८०४ रोजीं न्यू जर्सींतील वीहॉकन येथें अमेरिकेचा उपाध्यक्ष अ‍ॅरन बर व माजी खजिनामंत्री हॅमिल्टन यांचें दहा पावलांवरून पिस्तुलांचें द्वंद्व झालें. हॅमिल्टनची गोळी नेमाच्या रेषेपासून सुमारें चार फूट बाजूस, साडेबारा फूट उंचीवरच्या फांदींतून गेली. १९७६ सालीं त्या पिस्तुलांत चाप हलका करणारी कळ आढळली. तिच्यामुळेंच गोळी अवेळीं सुटली, असा तर्क निघाला. परंतु कळ ही नवी उपलब्धि नव्हेच! हॅमिल्टनचा साक्षी पेंडल्टन याच्या १८०४ च्याच निवेदनांत ती आहे. चढवूं काय असें विचारतां हॅमिल्टननें या खेपेस नको म्हटलें, असें तो लिहितो. कळ चढविली नसल्यास चाप जड राहतो, आणि जड चाप हिसकल्यास नळीचें तोंड बहुधा खालीं जातें. येथें तर गोळी वर गेली. तेव्हां दोष चापाचा दिसत नाहीं. एक तर ती मुद्दाम वर सोडली, किंवा पेंडल्टन म्हणतो त्याप्रमाणें जखम होतांच बोट आपोआप आवळलें. बरचा साक्षी मात्र हॅमिल्टननेंच आधीं गोळी झाडली म्हणतो. फांदीचा तेवढा तुकडा पेंडल्टननें मागाहून कापून आणविला होता.