निर्णयाचे दोन स्वभाव : नाना आणि महादजी

इतिहासांतील पुरुषांचें थोरपण आपण त्यांच्या निर्णयांवरून मोजतों. परंतु ते निर्णय त्यांनीं कोणत्या रीतीनें घेतले, याचा विचार क्वचितच करतों. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत निर्णयाचे पांच प्रकार सांगितले आहेत. एका प्रकारांत मनुष्य दोन्ही बाजूंचीं कारणें तोलीत बसतो आणि पारडें आपोआप झुकलें म्हणजे उठतो. दुसऱ्यांत बाहेरचा प्रसंगच त्याला एका वाटेनें लोटतो. शेवटचा प्रकार सर्वांत कठीण. त्यांत दोन्ही वाटा डोळ्यांसमोर असतात, सोडावयाच्या वाटेवर काय गमावणार हेंही स्पष्ट दिसत असतें, आणि तरीही केवळ मनाच्या बळावर एक वाट तोडावी लागते. हे प्रकार मनांत ठेवून उत्तर पेशवाईंतील दोन मुत्सद्द्यांकडे पाहिलें, तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

नाना फडणीस व महादजी शिंदे हे दोघेही १४ जानेवारी १७६१ च्या पानिपतांतून वांचलेले. नानांना तेव्हां एकोणिसावें वर्ष होतें. त्या धामधुमींत त्यांची आई अंतरली. महादजींच्या पायावर घाव बसून ते कायमचे लंगडे झाले, आणि राणेखान नांवाच्या भिस्त्यानें त्यांचा जीव वांचविला. त्या एका दिवसानेंच दोघांचे स्वभाव घडले असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु पुढें नाना पुण्यास राहून दप्तराच्या आधारानें राज्य सांभाळीत राहिले, आणि महादजींनीं त्याच उत्तरेंत आपलें आयुष्य घालविलें, एवढें खरें.

नानांचा निर्णय कागदावर पिकत असे. चहूंकडून बातमीपत्रें यावींत, त्यांचा ताळा पहावा, आणि दुसरें दार उघडें असल्याची खात्री झाल्यावांचून पहिलें लावूं नये, ही त्यांची रीत. सालबाईचा तह महादजींच्या मध्यस्थीनें १७ मे १७८२ रोजीं ठरला. नानांनीं मात्र अखेरची मान्यता फेब्रुवारी १७८३ पर्यंत लांबविली. हैदर अल्ली इंग्रजांशीं झुंजत होता तोंवर इंग्रजांना टांगून ठेवण्यांत लाभ होता. डिसेंबरांत हैदर वारला आणि ती आशा संपली. येथें विलंब हा भित्रेपणा नव्हता, तें एक शस्त्र होतें.

महादजींची तऱ्हा निराळी. ते प्रसंगाच्या पोटांत शिरून निर्णय घेत, आणि तो चुकला तर पुढच्या पावलानें सुधारीत. जुलै १७८७ मध्यें लालसोट येथें राजपुतांशीं लढतांना त्यांच्या कांहीं कवायती पलटणी शत्रूस मिळाल्या. त्यांनीं हट्ट न धरतां माघार घेतली. पुण्याच्या मदतीस विलंब लागला. तेवढ्यांत ऑगस्ट १७८८ मध्यें गुलाम कादिरानें शहाअलम बादशहाचे डोळे काढले. ऑक्टोबरांत महादजींच्या फौजेनें दिल्ली परत घेतली. विश्वासघात पलटणींनीं केला म्हणून त्यांनीं कवायतीची पद्धत टाकून दिली नाहीं. उलट डी बॉयनकडून ती वाढविली आणि १७९० सालीं पाटण व मेडता येथें विजय मिळविले. आपला विचार कोठें चुकला आणि कोठें चुकला नाहीं, हें वेगळें करून पाहण्याची ही शक्ति दुर्मिळ होय.

या दोघांत प्रेम नव्हतें, संशय मात्र भरपूर होता. तरीही एकाच्या थांबण्यास दुसऱ्याच्या धांवण्याचा आधार होता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस महादजी वारले. ऑक्टोबर १७९५ मध्यें सवाई माधवराव निपुत्रिक गेले, आणि नाना एकटे उरले. आतां गादीचा प्रश्न होता. ज्या रघुनाथरावांशीं जन्मभर लढले त्यांचाच पुत्र बाजीराव हा जवळचा वारस. त्याला पत्करावें, तर आयुष्याची कमाई त्याच्या हातीं द्यावयाची. त्याला नाकारावें, तर ताबडतोब दुसरा उभा करावयाचा. नानांना यांपैकीं कशाचाही तोटा सोसवेना. प्रथम विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देण्याचा बेत झाला, मग बाजीरावांस जुन्नराहून आणविणें झालें. पुढें पुणें सोडून महाड गांठावें लागलें. मध्यंतरीं इतरांनीं चिमाजी आप्पांस गादीवर बसविलें. अखेर डिसेंबर १७९६ मध्यें बाजीरावच पेशवे झाले. जें वर्षापूर्वीं सन्मानानें करतां आलें असतें, तेंच सत्ता व पत गमावून करावें लागलें. वर्षभरानें नाना स्वतःच अहमदनगरच्या किल्ल्यांत कैदेंत पडले.

सालबाईच्या वेळीं काळ नानांचा मित्र होता. १७९६ मध्यें तोच वैरी झाला होता. रीत मात्र तीच राहिली. आपल्या घरांतही मुलाचें शिक्षण, मुलीचें लग्न, वडिलोपार्जित घराची विल्हेवाट, असे प्रश्न येतात, तेव्हां आपण बहुधा कारणें आणखी जमवीत बसतों. कारणें पुरेशीं असूनही पारडें झुकत नसेल, तर उणीव माहितीची नसते. कांहीं तरी सोडण्याचें दुःख आपल्याला पत्करवत नसतें. नानांसारख्या बुद्धिमान् पुरुषाला हें दुःख टाळतां आलें नाहीं, तें केवळ उशीरा आणि अधिक मोलानें पदरीं पडलें.