चाकाच्या मुठीची कुळकथा

प्रवासी विमानाच्या चालककक्षात डोकावण्याचा योग आला, तर समोरच्या फळीवर एका दांड्याच्या टोकाशी बसविलेले चिमुकले चाक अवश्य पाहावे. विमानाची चाके पोटात ओढून घेण्याची वा खाली सोडण्याची ती मूठ होय; आणि तिचे कूळ शोधू गेल्यास आपण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी हवाई दलाच्या अपघातांच्या दप्तरापाशी येऊन पोहोचतो.

'बी-१७' हे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान सुखरूप उतरे, धावपट्टीवर धावू लागे, आणि पंखांमागच्या झडपा मिटण्यासाठी वैमानिक जी कळ ओढू जाई, ती नेमकी चाकांची निघून ते अवजड धूड पोटावर बसे. चौकशीअंती 'वैमानिकाची चूक' असा शेरा पडे आणि प्रकरण दाखल दप्तर होई. ज्याने तासन्‌तास तोफांच्या माऱ्यातून विमान परत आणले, त्याच्या माथी बेपर्वाईचा ठपका ठेवणारा तो शेरा मला आजही अन्यायाचा वाटतो.

१९४३ साली ओहायोतील राइट फील्ड येथे नेमलेल्या अल्फाँस चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांवरून नजर हटवून ती कळींकडे वळविली. 'सी-४७' विमानाचे वैमानिक ही चूक करीत नसत. 'बी-१७'मध्ये मात्र झडपांची आणि चाकांची कळ शेजारीशेजारी, आकाराने सारखीच, जणू जुळी भावंडे! शिणलेला माणूस, डोळे धावपट्टीवर, हात चाचपडणारा. त्या हाताने ओळख पटवावी तरी कशी? चापानिसने उपदेश केला नाही, ताकीदही दिली नाही. चाकांच्या कळीला त्याने रबरी धावेचे इवलेसे चाक जोडले, झडपांच्या कळीला पाचरीच्या आकाराचा तुकडा बसविला, आणि डोळ्यांनी न पाहताही बोटांना खूण पटू लागताच तो प्रकार बंद पडला.

पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या ४६० चुकांच्या हकिकती तपासल्या, तेव्हा सुमारे निम्म्या चुका एका कळीऐवजी दुसरीच हाती आल्याने घडल्याचे दिसून आले. आता अमेरिकेच्या प्रवासी विमानांविषयीच्या नियमावलीत कलम २५.७८१ आहे: चाकांची मूठ चाकासारखी, झडपांची मूठ पंखाच्या छेदासारखी.