सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया : प्रसूतिलाभाचा कायदा आणि त्याची भाषा

मराठी, कानडी, तेलुगू व दखनी या चार भाषा सोलापुरात नित्य व्यवहारात आहेत. १८७७ साली शहरात पहिली कापडगिरणी निघाली आणि तेलंगणातून येणाऱ्या पद्मशाली विणकरांची वस्ती पुढे वाढत गेली. या तेलुगुभाषक समाजातील असंख्य स्त्रियांनी विडी वळण्याचा व्यवसाय पत्करला. कारखान्यातून पान-तंबाखू आणावयाची, घरी विड्या वळावयाच्या व मोजून परत द्यावयाच्या, अशी या कामाची रीत होय. प्रसूतिलाभाच्या कायद्याचा इतिहास या रीतीच्या संदर्भात पाहिला असता त्यातील भाषेचा प्रश्न स्पष्ट होतो.

मुंबई इलाख्यात कारखान्यांतील स्त्रियांसाठी असा कायदा १९२९ साली झाला. त्याआधी १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदे कौन्सिलात या विधेयकास पाठिंबा देताना, हा भार मुख्यतः सरकारने सोसावा, असे मत मांडले होते. मालकाऐवजी विमानिधीतून लाभ देण्याची व्यवस्था १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने केली. तथापि तो मुळात यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी होता. घरी विडी वळणारी स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

तिला आधार मिळाला तो १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा घरकामगारांनाही लागू झाला. मात्र वैद्यकीय बोनसाचे कलम ८ आणि गर्भारपणातील आजाराच्या रजेचे कलम १० त्यांच्यापुरते वगळण्यात आले. लाभासाठी कलम ६ नुसार विहित नमुन्यात लेखी सूचना द्यावी लागे. कलम १९ नुसार कायद्याचा गोषवारा ‘स्थानिक भाषेत किंवा भाषांत’ कामाच्या जागी लावणे मालकास बंधनकारक होते. भाषा अनेक असू शकतात, हे कायद्याने जाणले होते. परंतु गोषवारा लावावयाचा तो कारखान्याच्या भिंतीवर, आणि काम चालावयाचे ते घरच्या ओसरीवर. शिवाय तो तेलुगूत लावला, तरी निरक्षर स्त्रीस त्याचा काय उपयोग?

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मराठीत ‘बाळंतीण’, तेलुगूत ‘बालिंत’, कानडीत ‘बाणंति’. घरगुती शब्दांत या भाषा एकमेकींच्या किती निकट आहेत! शेजारणीचे बाळंतपण करताना सोलापूरच्या स्त्रीस दुभाष्याची फारशी गरज भासू नये. ती भासते ‘प्रसूतिलाभ’, ‘विहित नमुना’, ‘अपेक्षित प्रसूतिदिनांक’ या शब्दांपाशी. आणि हे शब्द मराठी मजूर स्त्रीसही जवळजवळ तितकेच परके आहेत. म्हणजे खरे अंतर तेलुगू व मराठी यांमधील नव्हे, तर बोली व लेखी कारभार यांमधील आहे.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत यांपैकी १९४८ व १९६१ चे कायदे एकत्र करण्यात आले. कायद्याचे कलेवर बदलले, तरी हक्काची वार्ता बाळंतिणीच्या कानी तिच्या बोलीत, तिच्या उंबऱ्यावर पोहोचावी, ही निकड मात्र तशीच उरते.