नवस आणि निदान

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी ऐतिहासिक लिहा’ असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे किल्ले आणि लढाया आल्या नाहीत. एक साधा कागद आला. दोन वर्षांपूर्वीचा, माझ्या सुनेच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा. वार खाली असून तिने गर्भाशयाचे तोंड झाकले आहे, असे त्यात निघाले होते. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितले. पुष्कळजणींची वार पुढे आपोआप वर सरकते. पण नाहीच सरकली, तर नेहमीसारखे बाळंतपण होऊ द्यायचे नाही, कारण रक्तस्राव होऊन आई आणि मूल दोघांच्याही जिवाला धोका असतो. तोवर जड उचलायचे नाही, प्रवास करायचा नाही, आणि थोडे जरी रक्त दिसले तरी तडक दवाखाना गाठायचा.

त्या रात्री सून भिंतीकडे तोंड करून निजली होती. मुलगा मोबाईलवर काहीबाही वाचीत बसला होता. मी देवापुढे दिवा लावला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पवनेकाठी मोरया गोसावींच्या समाधीला जाऊन एकवीस प्रदक्षिणा घातल्या. परत येताना मनात आले, की पोटातल्या जिवाची काळजी घेऊन या वाटेने माझ्या आधी किती जणी आल्या असतील! त्यांच्या हाती काय होते, आणि आज आपल्या हाती काय आहे? भगिनींनो, त्या प्रश्नाचा माग काढता काढता हा लेख झाला आहे.

आपला हा परिसर मुळी अशा आयांच्या प्रार्थनांनी भारलेला आहे. खुद्द मोरया गोसावी हे, परंपरा सांगते त्याप्रमाणे, वामनभट्ट आणि पार्वतीबाई या निपुत्रिक दांपत्याने मोरगावच्या मयूरेश्वराची आराधना केल्यावर झालेले अपत्य. म्हणून तर नाव मोरया. आळंदीला सिद्धेश्वराच्या आवारातल्या सुवर्णपिंपळाला बायका आजही प्रदक्षिणा घालतात; ज्ञानेश्वरांच्या आई रुक्मिणीबाईंनी तेथेच पती परत यावा म्हणून प्रदक्षिणा घातल्याची कथा आहे. चाकणवरून पुढे नाशिकच्या रस्त्याने निघालो की जुन्नरला शिवनेरी लागतो. सभोवती धामधूम चाललेली असताना जिजाऊसाहेब त्या गडावर राहिल्या, आणि १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवरायांचा जन्म झाला. गडावरच्या शिवाईदेवीवरून बाळाचे नाव ठेवले, असे लोक मानतात.

परंतु मला सर्वांत जवळची वाटते ती देहूची आवली. तुकोबांची ही दुसरी पत्नी जिजाबाई. कीर्तनकार तिला नेहमी कजाग म्हणून रंगवतात आणि श्रोते हसतात. पण इ. स. १६५० च्या फाल्गुनात तुकोबा गेले, तेव्हा ही बाई गरोदर होती, हे किती जणींच्या ध्यानात असते? घरात लेकरे, दारिद्र्य, नवरा गेलेला आणि पोटात जीव! तिने त्या महिन्यांत विठ्ठलाजवळ काय मागितले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. जन्मलेल्या मुलाचे नाव नारायण. याच नारायण महाराजांनी १६८५ मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्र घेऊन पालखी सोहळा सुरू केला. आज देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते आणि चिंचवड-पिंपरीवरून पुण्याला जाते. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून आपण जिला हात जोडतो, त्या पालखीचा उगम एका काळजीत पडलेल्या गर्भिणीच्या पोटी आहे.

आता गडावरून आणि देवळातून बाळंतिणीच्या खोलीत येऊ. मी लहान असताना आजीने पाचवी पुजलेली मला आठवते. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचे, सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी विधिलिखित लिहिणार म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि बायकांनी जागरण करायचे. पुढे मला उमगले, की ही पूजा नेमकी पाचव्या-सहाव्या दिवशीच का, याला त्या काळचे दारुण कारणही असावे. विळ्याने नाळ कापली, तीवर राख किंवा शेण लावले, की बाळाला धनुर्वात होई तो पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच. बाळंतिणीला सूतिकाज्वर भरे तोही पहिल्या दहा दिवसांत. मृत्यू ज्या रात्री दाराशी येई, त्याच रात्री बायका दिवा तेवत ठेवून बाळ-बाळंतिणीजवळ बसत. त्यांच्याजवळ दुसरे शस्त्रच नव्हते.

त्यांना हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्या जागरणात बाळंतीण एकटी पडत नसे, ही काही लहान गोष्ट नव्हे. ओटी, डोहाळजेवण, माहेरी नेणे, यांतही गर्भिणीला खाऊपिऊ घालण्याची आणि विसावा देण्याची सोय होती. पण खरे तेही सांगितले पाहिजे. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेण्याऐवजी अंगारे-धुपारे करण्यात किती घटका वाया गेल्या, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आणि मूल दगावले की दोष पुन्हा आईच्याच माथी. नवस नीट फेडला नाहीस, सोवळे मोडलेस, ग्रहणात बाहेर आलीस! दुःखाने पिचलेल्या बाईला हे ऐकवणे म्हणजे श्रद्धा नव्हे, क्रौर्य होय.

अशाच एका चौदा वर्षांच्या आईची गोष्ट आपण सर्वजणी जाणतो. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचा पहिला मुलगा अवघा दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचता, ही रुखरुख त्यांच्या मनातून गेली नाही. पुरुष डॉक्टरांना दाखवून घ्यायचे नाही आणि बाई डॉक्टर नाही, अशी त्या काळच्या स्त्रीची कोंडी होती. १८८३ मध्ये अमेरिकेला जाण्यापूर्वी सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, या अर्थाचे उद्गार काढले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. एकाही बाळंतिणीची सेवा त्यांना मायदेशी करता आली नाही. तरी धर्म न सोडता विद्येकडे जाता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

सूतिकाज्वराचा शोध तिकडे युरोपातही सुखासुखी लागलेला नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांनी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पण बड्याबड्या डॉक्टरांनी त्यांना मानले नाही. अंधविश्वास काही फक्त खेड्यातल्या सुईणीपाशीच नसतो, हे यावरून कळावे! पुढे १९२८ मध्ये फ्लेमिंग यांना पेनिसिलीन सापडले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी त्याचे औषध केले, आणि सूतिकाज्वराचे भय ओसरू लागले.

आणि येथे आपली पिंपरी इतिहासात येते. भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना पिंपरीस स्थापन केला, आणि १९५५ मध्ये तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. आपण जिला नुसती ‘एच. ए.’ म्हणतो, ती ही कंपनी. १९४६ च्या भोर समितीच्या अंदाजाप्रमाणे आपल्या देशात दर हजार प्रसूतींमागे सुमारे २० माता दगावत. म्हणजे लाखामागे २,०००. २०१८ ते २०२० या काळासाठीचा महाराष्ट्राचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ३३ आहे. याचे श्रेय एकट्या पेनिसिलीनचे नाही. दवाखान्यातली प्रसूती, रक्तपेढ्या, शस्त्रक्रिया, घरोघर फिरणाऱ्या परिचारिका, मुलींचे शिक्षण आणि लग्नाचे वाढलेले वय, या सर्वांचे ते आहे. नवजात बालकांचा धनुर्वातही भारतातून दूर झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. सटवाईच्या रात्रीचे भय अशा रीतीने उतरले.

सोनोग्राफीची कथा तर आपल्या कारखानदारी गावाला अधिकच शोभणारी आहे. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले. तेथे लोखंडातली आणि सांध्यांतली चीर शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरीत असत. त्याच यंत्राने शरीराच्या आतले दिसेल काय, हे त्यांनी तपासले, आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आपले काम प्रसिद्ध केले. डोनाल्ड हे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. माझा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात वेल्डिंगची तपासणी याच तत्त्वाने करतो. मी हे त्याला सांगितले, तेव्हा तो बायकोच्या त्या कागदाकडे कितीतरी वेळ पाहत राहिला. याच यंत्राचा उपयोग करून पोटातल्या मुली मारण्याचे पापही आपल्याकडे झाले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, हे विसरून चालणार नाही.

आवलीच्या आणि जिजाऊंच्या काळी वार खाली असलेल्या बाईला ते कळत नसे. कळे ते एकदम एखाद्या रात्री, रक्ताच्या धारेने. आणि तेव्हा फार उशीर झालेला असे. त्यांना भीती होती, निदान नव्हते. आपल्याला चार महिने आधी निदान मिळते आणि त्याबरोबर चार महिन्यांची भीतीही मिळते. नवसाची, नामस्मरणाची जागा मला तेथे सापडली. निदान नाहीसे कर म्हणून देवाशी हुज्जत घालण्यापेक्षा, ते सोसण्याचे आणि डॉक्टरांचे सांगणे न कंटाळता पाळण्याचे बळ दे, असे मी मागू लागले. सूनही रोज संध्याकाळी अथर्वशीर्ष म्हणू लागली. तिला विचारले तर म्हणाली, “आई, तेवढी दहा मिनिटं बाळ आणि मी, दोघंच असतो. मग रात्री झोप लागते.”

वार सरकली नाही. आठव्या महिन्यात एका पहाटे रक्त दिसले. कोणी अंगारा शोधीत बसले नाही. अर्ध्या तासात आम्ही रुग्णालयात होतो. तेव्हा रक्त थांबले. सदतिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रिया ठरली आणि रक्ताची तजवीज करून ठेवा, असे सांगण्यात आले. मी हे मंडळाच्या शुक्रवारच्या आरतीनंतर बोलले मात्र, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अकराजणी रक्तपेढीच्या दारात उभ्या होतो! मी वयामुळे बाद झाले. पाचजणींचे रक्त घेतले. उरलेल्या पाचजणींना परत पाठवले, कारण त्यांचे हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली होते. सर्व घर सांभाळणाऱ्या, उपासतापास करणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या बायका या! परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. त्यांतल्या एकीच्या मुलीचे त्या वर्षी लग्न ठरले होते. ती एवढेच म्हणाली, की आधी मुलीचे रक्त तपासून घेते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन बाटल्या रक्त लागले. नात झाली. शेजारच्या आजी म्हणतात, मोरयाने दिली; मुलगा म्हणतो, डॉक्टरांनी वाचवली. मी दोघांनाही होकार देते.

त्याच रुग्णालयात शेजारच्या खाटेवरची एक मुलगी मात्र रिकाम्या हाताने घरी गेली. तिनेही नवस केले होते, तीही तपासण्यांना चुकली नव्हती. तिच्या श्रद्धेत आमच्याहून तसूभरही उणे नव्हते. म्हणून आमची नात हे माझ्या प्रदक्षिणांचे बक्षीस, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. अशा मुलीजवळ जाऊन बसावे, काही विचारू नये, काही शिकवू नये. सटवाईच्या रात्री आपल्या आज्या हेच करीत होत्या.

असो. आपल्या मंडळात आता शुक्रवारच्या आरतीनंतर वहीत प्रत्येकीचे हिमोग्लोबिन लिहिले जाते, सहा महिन्यांनी पुन्हा तपासले जाते. परत पाठवलेल्या पाचजणींपैकी तिघींनी गेल्या गणेश जयंतीला रक्त दिले. दोघी अजून लोहाच्या गोळ्या घेत आहेत. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत त्यांचेही नाव वहीत दिसेल, अशी मोरयाचरणी प्रार्थना आहे. आणि त्यांनी गोळी चुकवू नये, यावर माझे लक्षही आहे.