थॅलेसेमियाच्या उंदराची कुळकथा

गोराई गावातून जवळच्या वाटेने बोरिवली गाठायची तर खाडी ओलांडावी लागते. बोटीत माणसांबरोबर मोटरसायकलीही चढतात. थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार) असलेलं मूल घरात असेल, तर ही फेरी दर तीन-चार आठवड्यांनी ठरलेलीच. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमिया केंद्र आहे. रक्त चढवायचं आणि त्या रक्तामुळे अंगात साठणारं लोह उतरवायला औषध घ्यायचं. या आजारावरची नवी औषधं आधी ज्या उंदरावर तपासतात, त्याचं कूळ बघण्याजोगं आहे.

मूळपुरुष कुणी घडवला नव्हता. प्रयोगशाळेतल्या उंदरांत हिमोग्लोबिनसाठी लागणारं एक बीटा-ग्लोबिन जनुक आपोआप गळालेलं होतं. अमेरिकी संशोधकांनी 1983 मध्ये त्याचं वर्णन छापलं. 1986 मध्ये त्याच वंशात माणसाचं जनुक घातलं आणि पिल्लांचा ॲनिमिया सुधारला. मुद्दाम घडवलेला उंदीर 1995 चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या ऑलिव्हर स्मिथीज यांच्या गटाचा. त्याच्या एका गुणसूत्रावरची दोन्ही प्रौढ बीटा-ग्लोबिन जनुकं उडवलेली आहेत. जनुकं अशी नेमकी बदलण्याच्या तंत्रासाठी स्मिथीजना 2007 चं नोबेल विभागून मिळालं.

पंचाईत पुढेच आहे. माणसात एकाच बाजूचा दोष असला तर तो ‘मायनर’. अनेकदा जन्मभर त्याला पत्ताही लागत नाही. हा उंदीर मात्र एका बाजूच्या दोषानेच आजारी पडतो: फिकट रक्त, वाढलेली पाणथरी, साठलेलं लोह. दोन्हीकडून दोष आला तर पिल्लू जन्माच्या सुमारासच मरतं. आपलं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन त्याला काही महिने तारून नेतं. उंदराकडे ती पुंजीच नाही! शिवाय भारतीय रुग्णांत सर्वाधिक आढळणाऱ्या दोषात जनुक जागेवर असतं, त्यातलं एकच अक्षर बदललेलं असतं. उंदरात दोषाच्या जागी जनुकच नाही. मग दुरुस्त काय करणार? त्यासाठी माणसाचं जनुक घातलेले वेगळे उंदीर लागतात.

तरी उंदरांच्या या कुळाला निकामी म्हणता येणार नाही. 2019 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या लस्पॅटरसेप्ट या औषधाची उंदरासाठीची आवृत्ती आधी 1983 च्या मूळ वंशावर तपासली होती. लोह, पाणथरी, अस्थिमज्जा यांबाबत त्याची साक्ष धरावी. आनुवंशिकतेच्या हिशेबात धरू नये. तिथे माणसाचं गणित वेगळं: आई-वडील दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. तेव्हा लग्नाआधी, निदान दिवस राहिल्यावर लगेच, दोघांनीही एचबीए2 ची (हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची) रक्ततपासणी करून घ्यावी.