चकाकी (वाहनचालन)

वाहन चालवताना समोरच्या काचेतून येणाऱ्या प्रखर प्रकाशाने चालकाचे डोळे दिपतात आणि रस्त्यावरील वस्तू त्याला नीट दिसेनाशा होतात. या परिणामास वाहनचालनातील चकाकी असे म्हणतात. दिवसा हा प्रकाश क्षितिजालगतच्या सूर्याचा किंवा ओल्या रस्त्यावरून परावर्तित झालेला असतो. रात्री तो मुख्यतः समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा असतो. काचेची स्वच्छता, व्हायझर, ध्रुवक चष्मे, दिव्यांची योग्य जुळणी आणि दुभाजकावरील झाडे हे चकाकी कमी करण्याचे प्रमुख उपाय आहेत. काचेला काळी फिल्म लावणे हा लोकप्रिय उपाय मात्र चालकाची दृष्टी सुधारत नाही.

स्वरूप

चकाकीचे दोन प्रकार मानले जातात. पहिल्या प्रकारात प्रकाश नकोसा वाटतो, डोळे मिटावेसे वाटतात, परंतु समोरचे दिसण्यात प्रत्यक्ष घट होतेच असे नाही. दुसऱ्या प्रकारात दिसण्याची क्षमताच कमी होते. हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकत्र आढळत असले तरी त्यांची कारणे निराळी आहेत. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्यावर चालेलच असे नाही.

दिसण्याची क्षमता कमी होण्याचे कारण प्रकाशाचे प्रकीर्णन, म्हणजे तो इतस्ततः विखुरला जाणे, हे आहे. डोळ्यातील पारदर्शक भाग पूर्णतः निर्दोष नसतात. तीव्र प्रकाश त्यांतून जाताना थोडासा विखुरतो आणि दृष्टिपटलावर उमटलेल्या संपूर्ण प्रतिमेवर प्रकाशाचा फिकट पडदा पसरतो. या पडद्याचे मापन एल. एल. हॉलाडे यांनी १९२६ मध्ये व डब्ल्यू. एस. स्टाइल्स यांनी १९२९ मध्ये केले. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रानुसार पडद्याची तीव्रता डोळ्यावर पडणाऱ्या प्रकाशाच्या समप्रमाणात, आणि दृष्टीची दिशा व प्रकाशस्रोत यांमधील कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. तितकाच प्रखर स्रोत नजरेपासून ५ अंशांऐवजी २० अंशांवर असेल, तर त्याचा त्रास सोळावा हिस्सा उरतो. डोक्यावरचा सूर्य चालकाला दिपवत नाही आणि त्याहून कितीतरी मंद असा मावळतीचा सूर्य दिपवतो, त्याचे हे कारण होय.

वयाप्रमाणे नेत्रभिंगातील प्रकीर्णन वाढते. या सूत्राच्या वयानुसार सुधारलेल्या रूपाप्रमाणे सत्तराव्या वर्षी पडद्याची तीव्रता तरुणपणीच्या सुमारे दुप्पट होते. मोतीबिंदूची सुरुवात झालेल्या व्यक्तीस ती याहूनही अधिक जाणवते. रात्री समोरच्या दिव्यांचा असह्य त्रास होऊ लागणे हे पुष्कळदा मोतीबिंदूचे आरंभीचे लक्षण असते.

समोरच्या काचेचा वाटा

मोटारीची समोरची काच स्तरित असते. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये पॉलिव्हिनिल ब्युटिरल या प्लॅस्टिकचा थर असतो. नवी व स्वच्छ काच फारच थोडा प्रकाश विखुरते. वापराबरोबर परिस्थिती बदलते. वाऱ्याबरोबर येणारी धूळ व खडीचे कण काचेवर सूक्ष्म खळगे पाडतात. धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर फिरवला की कमानीच्या आकाराचे बारीक ओरखडे उमटतात. समोर सूर्य आला की ही प्रत्येक खोच स्वतंत्रपणे चमकू लागते.

काचेच्या आतील बाजूकडे चालकांचे सहसा लक्ष जात नाही. मोटार उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधील काही द्रव्ये वाफरूपाने बाहेर पडतात आणि थंड होताना काचेच्या आतील पृष्ठावर त्यांचा तेलकट थर जमतो. त्यात श्वासातील बाष्प, सिगारेटचा धूर व हाताचे डाग यांची भर पडते. एरवी हा थर दिसत नाही. सूर्य समोर आला की सारी काच दुधाळ होते.

तिसरी बाब परावर्तनाची. डॅशबोर्डवर पडलेले ऊन काचेच्या आतील पृष्ठावरून परावर्तित होऊन चालकाच्या डोळ्यांत येते. काचेवर लंबरूप पडणाऱ्या प्रकाशाचा एका पृष्ठावरून सुमारे ४ टक्के भाग परावर्तित होतो, तर ६० अंशांच्या आपाती कोनाला हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून आधुनिक मोटारींच्या काचा अधिकाधिक कलत्या होत गेल्या, आणि त्याबरोबर ही अडचणही वाढली. डॅशबोर्डचा वरचा भाग सहसा गडद व चमकरहित ठेवतात तो याचसाठी. त्यावर पांढरा कागद, झळकणारी मूर्ती अथवा चकचकीत आवरण ठेवणे, किंवा तो चकाकावा म्हणून पॉलिश लावणे, म्हणजे ही योजना निष्फळ करणे होय.

सूर्याची दिशा व वेळ

चकाकीचा धोका सूर्य क्षितिजापासून सुमारे १५ अंशांच्या आत आणि रस्त्याच्या दिशेत असताना सर्वाधिक असतो. महाराष्ट्राच्या अक्षांशावर सूर्य बऱ्यापैकी सरळ वर चढतो, त्यामुळे ही अवस्था सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी साधारणपणे तासाभराची असते. उत्तर युरोपात हिवाळ्यात सूर्य दिवसभर खालीच रेंगाळतो आणि तेथे हीच अडचण कित्येक तास टिकते.

सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो केवळ मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास. मुंबईच्या अक्षांशावर तो जूनमध्ये पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेस, तर डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेस उगवतो. त्यामुळे प्रत्येक रस्त्याचा चकाकीचा हंगाम वेगळा असतो. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्गाची सर्वसाधारण दिशा पश्चिम-नैर्ऋत्य ते पूर्व-ईशान्य अशी आहे. नागपूरहून मुंबईकडे येणाऱ्या चालकास नोव्हेंबर ते जानेवारीत मावळता सूर्य जवळजवळ नाकासमोर येतो, तर मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्यास मे महिन्याच्या सकाळी उगवता सूर्य तसाच भेटतो. पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईस येणाऱ्यांना हा अनुभव उन्हाळ्याच्या संध्याकाळी येतो. प्रवासाची वेळ तासाभराने मागेपुढे करणे हा बिनखर्ची उपाय आहे, पण तो क्वचितच योजला जातो.

सूर्य पाठीशी असलेल्या चालकास सर्व काही स्वच्छ दिसते. समोरून येणाऱ्याला मात्र त्याच वेळी काहीच दिसत नसण्याची शक्यता असते. पादचारी, सायकलस्वार व दुचाकीस्वारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. आपल्याला वाहन दिसले म्हणजे वाहनचालकाला आपण दिसलो असे नव्हे.

काळी काच व कायदा

काळी फिल्म लावल्याने डोळ्यांना आराम वाटतो, हे खरे. परंतु ती प्रकाशाचा पडदा आणि त्यामागील दृश्य या दोहोंना सारख्याच प्रमाणात मंद करते. समजा, रस्त्याचा उजळपणा २०० एकके आणि त्यावर उभ्या असलेल्या माणसाचा १०० एकके आहे. हा फरक दुपटीचा असल्याने माणूस स्पष्ट दिसतो. आता सूर्यामुळे दोहोंवर १००० एककांचा पडदा पसरला, तर प्रमाण १२०० विरुद्ध ११०० असे होते, आणि माणूस जवळपास पुसला जातो. निम्मा प्रकाश अडवणारी फिल्म लावल्यास ते ६०० विरुद्ध ५५० होईल. गुणोत्तर तेच राहते.   सूर्यास्तानंतर हीच फिल्म निव्वळ अडथळा ठरते.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश पार गेला पाहिजे. अविषेक गोएंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचेवर कोणतीही फिल्म चिकटवण्यास मनाई केली. कारखान्यातच मर्यादेइतकी रंगछटा दिलेली काच मात्र ग्राह्य ठरवली. त्या निकालामागे चकाकीचा नव्हे, तर काळ्या काचांआड होणाऱ्या गुन्ह्यांचा विचार होता. २०२० मध्ये नियमात दुरुस्ती होऊन ‘सुरक्षा काच’ या शब्दांच्या जोडीला ‘सुरक्षा ग्लेझिंग’ हा पर्याय आला. त्या आधारे, विहित पारदर्शकता राखणारी फिल्म दंडनीय नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. ७० व ५० टक्क्यांच्या मर्यादा कायम आहेत.

दिवसाचे उपाय

जो उपाय फक्त स्रोत अडवतो आणि दृश्याला हात लावत नाही, तोच येथे खरा उपयोगी. व्हायझर हे त्याचे सर्वांत साधे उदाहरण. तो खाली घेण्याबरोबरच आसनाची उंची जुळवणे आवश्यक असते, कारण सूर्य व्हायझरच्या कडेखाली आला की त्याचा उपयोग संपतो. काचेच्या वरच्या कडेला दिलेली फिकट होत जाणारी निळी अथवा हिरवी पट्टी तेच काम सौम्यपणे करते.

काच आतून व बाहेरून स्वच्छ ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. आतील तेलकट थर नुसत्या ओल्या फडक्याने निघत नाही, पसरतो. त्यासाठी काच पुसण्याचे द्रावण व दोन फडकी लागतात: एक पुसायला, दुसरे कोरडे करायला. वायपरचे रबर उन्हाने कडक होते. पावसाळ्यापूर्वी ते बदलणे आणि कोरड्या काचेवर पाणी मारल्याखेरीज वायपर न चालवणे यामुळे ओरखडे टळतात. खोल खळगे पडलेली काच घासून नीट होत नाही, ती बदलावी लागते.

ध्रुवक चष्म्याचे कार्य निवडक असते. कलत्या काचेवरून परावर्तित झालेले डॅशबोर्डचे प्रतिबिंब जवळजवळ पूर्णपणे आडव्या दिशेत ध्रुवित झालेले असते आणि उभ्या दिशेचाच प्रकाश पार करणारा चष्मा ते पुसून टाकतो. ओल्या रस्त्यावरील चमक तो सर्वांत चांगली अडवतो ती सूर्य सुमारे ३७ अंश उंचीवर असताना. सूर्य क्षितिजाला टेकला असताना हा लाभ बराच कमी होतो, आणि थेट सूर्यप्रकाश ध्रुवित नसल्याने त्याविरुद्ध हा चष्मा साध्या गडद चष्म्याइतकाच ठरतो. काही ध्रुवक चष्म्यांतून वाहनातील पडदे काळे दिसतात, हेही लक्षात घ्यावे लागते. उन्हात आपोआप गडद होणारी भिंगे मोटारीत सहसा निकामी ठरतात, कारण त्यांना चेतवणारे जंबुपार किरण स्तरित काच अडवते. युरोपीय मानकानुसार सर्वांत गडद, म्हणजे चौथ्या वर्गातील, चष्मे वाहन चालवताना वापरायचे नसतात.

रात्रीची चकाकी

रात्री डोळा अंधाराला सरावलेला असतो, त्यामुळे थोडा प्रकाशही पुरेसा त्रास देतो. पिवळ्या भिंगांचे चष्मे ‘नाईट ड्रायव्हिंग’ या नावाने सर्रास विकले जातात. ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा चष्म्यांमुळे पादचारी ओळखण्यात सुधारणा आढळली नाही. फ्रान्समध्ये तर दिवेच पिवळे ठेवण्याची सक्ती होती, ती १९९३ मध्ये संपली.

चालकाच्या हाती असते ते एवढेच: समोरच्या दिव्यांकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवणे आणि वेग कमी करणे. मुख्य उपाय समोरच्याच्या हाती असतो. केंद्रीय नियमांनुसार दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा. दिव्यापासून ८ मीटरवर आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेली व्यक्ती त्याने दिपता कामा नये. भारतात पूर्वी दिव्याच्या वरच्या भागावर काळा रंग लावण्याची पद्धत होती, आणि ‘यूज डिपर ॲट नाईट’ ही ट्रकमागील सूचना सर्वपरिचित आहे. मागे अधिक वजन भरल्यास वाहनाचे नाक उचलले जाऊन खालचा झोतही वर जातो. अनेक मोटारींत त्यासाठी झोत खाली करण्याची कळ असते, परंतु ती फारशी वापरली जात नाही. हॅलोजन दिव्याच्या खोबणीत बाजारातील एलईडी बल्ब बसवणे हा अलीकडचा मोठा दोष आहे. त्या परावर्तकाचा आकार तारेच्या नेमक्या जागेनुसार ठरवलेला असतो. प्रकाशस्रोत बदलला की झोताची वरची सीमा राहत नाही.

ध्रुवक दिव्यांची योजना

दिव्यांची चकाकी मुळातूनच नाहीशी करण्याची एक योजना अमेरिकन संशोधक एडविन लँड (१९०९–१९९१) यांनी मांडली होती. त्यांनी ध्रुवक ताव शोधला तो प्रामुख्याने याच हेतूने. त्याच्या एकस्वासाठी त्यांनी १९२९ मध्ये अर्ज केला. प्रत्येक वाहनाच्या दिव्यांवर आणि चालकापुढील पट्टीवर ४५ अंशांत एकाच बाजूला कललेले ध्रुवक बसवायचे, अशी कल्पना होती. चालकाला स्वतःच्या दिव्यांचा प्रकाश दिसतो. समोरून येणाऱ्या वाहनाचे ध्रुवक मात्र उलटे दिसत असल्याने त्याच्याशी काटकोनात येतात आणि त्याचा झोत अडवला जातो.

योजना प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने निर्दोष होती. परंतु ध्रुवकात निम्म्याहून अधिक प्रकाश वाया जाई, त्यामुळे दिवे अधिक शक्तिशाली करावे लागत, आणि आरंभीचे ताव दिव्यांच्या उष्णतेने खराब होत. सर्वांत मोठी अडचण निराळीच होती. दिव्यावर ध्रुवक बसवणाऱ्यास स्वतःला काही लाभ नसतो, तो समोरच्याला होतो. आणि सर्व वाहनांवर ते एकाच वेळी बसेपर्यंत कोणालाच पुरा लाभ होत नाही. मोटार उद्योगाने ही योजना स्वीकारली नाही. १९३७ मध्ये लँड यांनी पोलरॉइड कॉर्पोरेशन स्थापन केली. तिचे ध्रुवक ताव उन्हाच्या चष्म्यांत गेले.

तोच हेतू आता जुळवून घेणाऱ्या दिव्यांनी साधला जात आहे. त्यांत कॅमेरा समोरचे वाहन ओळखतो आणि झोताचा तेवढाच भाग बंद होतो. अमेरिकेत अशा दिव्यांना २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

रस्त्यावरील उपाय

दुभाजकावर कण्हेर, बोगनवेल यांसारखी झुडपे लावण्याचा एक हेतू समोरच्या झोतांना आडोसा करण्याचा असतो. कण्हेर जनावरे खात नाहीत, ती कमी पाण्यावर जगते आणि छाटल्यावर दाट फुटते, म्हणून भारतीय महामार्गांवर ती विशेष दिसते. जेथे रोपांना जागा नाही तेथे उभ्या पट्ट्यांचे चकाकीरोधक अडसर बसवतात. दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यांवर यांपैकी काहीच शक्य नसते. तेथे डिपर देण्याखेरीज अन्य साधन उरत नाही.